विरोधी पक्ष बेटाबाहेर राहतो

आयल ऑफ मॅनमध्ये निवडणुकीत सरकार पडत नाही. माणसं पडतात, एखादा मंत्रीही घरी जातो; पण हे सरकार नको, ते हवं, असं ठरवण्याची सोय मतदाराकडे नाही. मतदानाच्या दिवशी तिथे 'हे' आणि 'ते' असं काही उभंच नसतं. उभे असतात बहुतेक अपक्ष. आयरिश समुद्रातल्या 572 चौरस किलोमीटरच्या या बेटावर साधारण 84,000 लोक राहतात. ते ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली आहेत, पण युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत. त्यांची संसद वेगळी, कर वेगळे, कायदे वेगळे. परराष्ट्र आणि संरक्षण तेवढं लंडनकडे.

ॲलन बेल या संसदेत बत्तीस वर्षं बसले. 1984 साली पोटनिवडणुकीत रॅम्झी या त्यांच्या गावातून ते संसदेच्या खालच्या सभागृहावर, म्हणजे हाउस ऑफ कीजवर, निवडून आले आणि 2016 साली निवडणूक न लढवता बाहेर पडले. मधल्या काळात पर्यटन, उद्योग, गृह अशी खाती सांभाळली, 2001 ते 2010 अशी सलग नऊ वर्षं ते अर्थमंत्री होते आणि शेवटची पाच वर्षं मुख्यमंत्री. बेटावर मुख्यमंत्री हे पदच 1986 साली तयार झालं. त्यावर बसलेले बेल हे पाचवे. त्यांच्या आधी माइल्स वॉकर, डॉनल्ड गेलिंग, रिचर्ड कॉर्किल आणि टोनी ब्राउन.

एवढ्या लांब कारकिर्दीचा माणूस कर्तबगार होता का, हा प्रश्न मला फारसा खुणावत नाही. होताच. मला प्रश्न पडतो तो असा, की एवढ्या काळात त्याला घरातल्या कुणी अडवलं? घरातल्या म्हणजे बेटावरच्या, आणि अडवलं म्हणजे भाषण करून नव्हे, तर पर्यायी धोरण आणि ते राबवायला तयार असलेली माणसं घेऊन. माझं उत्तर आहे, कुणीच नाही. बेल यांना अडवलं ते बाहेरच्यांनी. आणि हा एका माणसाचा योगायोग नाही. मँक्स, म्हणजे या बेटाच्या, राजकारणाची गेल्या दीडशे वर्षांची ही चाल आहे. ज्या घरात विरोधी पक्ष नसतो, त्या घराला तो शेजारून मिळतो. आणि शेजाऱ्याला त्या घरात मत नसतं, त्याला त्या घराची फिकीरही नसते.

आधी ही संसद कशी चालते ते पाहू. टिनवाल्ड या संसदेचं वय बेटावरचे लोक हजाराच्या वर सांगतात. 1979 साली त्यांनी सहस्राब्दी साजरी केली. तिचं खालचं सभागृह म्हणजे हाउस ऑफ कीज, सदस्य 24. वरचं लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, ज्याचे आठ सदस्य कीजच निवडून देतं. शिवाय तिथे बिशप असतो आणि ॲटर्नी जनरल. दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला सेंट जॉन्स गावच्या टेकडीवर सगळे जमतात, वाटेवर लव्हाळं अंथरतात, वर्षभरातल्या कायद्यांची घोषणा मँक्स आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होते आणि ज्याला गाऱ्हाणं मांडायचं आहे तो टेकडीच्या पायथ्याशी अर्ज देतो. दृश्य देखणं असतं. पर्यटकांच्या छायाचित्रांत टेकडी येते. खरा कारभार राजधानी डग्लसच्या सरकारी कचेऱ्यांत असतो.

मुख्यमंत्री आणि त्याचे आठ-नऊ मंत्री मिळून मंत्रिपरिषद होते. मंत्र्यांवर सामूहिक जबाबदारी असते, म्हणजे ठरलेल्या धोरणाविरुद्ध मत देणाऱ्याने पद सोडायचं. इथवर जगभर चालतं तसंच. पण जे सदस्य मंत्री झाले नाहीत, त्यांतल्याही बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या खात्याचे 'सदस्य' म्हणून नेमण्याची तिथे वहिवाट होती, आणि त्या नेमणुकीबरोबर जादा मानधन येई. चोवीस जणांच्या सभागृहात नऊ मंत्री आणि उरलेल्यांतले बरेच खात्यांत. मग मंत्र्याला प्रश्न विचारणार कोण? शेजारच्या बाकावरचा सदस्य विचारू शकतो, पण तो दुसऱ्या खात्यात बसलेला असतो आणि उद्या त्याच्या खात्याला अर्थमंत्र्याकडून पैसे हवे असतात. तिथे कुणी कुणाला विकत घेत नाही. त्याची गरजच पडत नाही.

आपल्याकडे पक्षविरहित लोकशाहीचं आकर्षण जुनं आहे. मानवेंद्रनाथ रॉय आणि जयप्रकाश नारायण दोघांनीही तिचा पुरस्कार केला होता, आणि आजही गावच्या निवडणुकीत राजकारण नको, चांगली माणसं हवीत, हे वाक्य कुठल्याही पारावर ऐकू येतं. आयल ऑफ मॅन हे त्या वाक्याचं प्रत्यक्षात चालणारं रूप आहे, तेही श्रीमंत, शिकलेल्या आणि बऱ्यापैकी प्रामाणिक समाजातलं. म्हणून ते नीट पाहण्यासारखं आहे.

बेल आले तेव्हा बेट खचलेलं होतं. विमानं स्वस्त झाल्यावर उत्तर इंग्लंडचे कामगार सुट्टीसाठी डग्लसऐवजी स्पेनला जाऊ लागले होते. 1973 साली डग्लसच्या किनाऱ्यावरच्या समरलँड या करमणूक संकुलाला आग लागून पन्नास माणसं गेली, तो घाव भरलेला नव्हता. त्यातच 1982 साली सेव्हिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट बँक बुडाली आणि वित्तकेंद्र म्हणवून घेण्याच्या बेटाच्या आकांक्षेला मोठा धक्का बसला. मोटारसायकलींची टीटी शर्यत होती, पण पंधरवड्याच्या शर्यतीवर वर्ष निघत नाही. अशा वेळी पर्यटन आणि उद्योग खाती हाताळलेल्या माणसाला एक गोष्ट हाडामासात कळलेली असणार: बेटाकडे विकायला निसर्ग आहे आणि कायदा करण्याचा अधिकार आहे. निसर्गाला गिऱ्हाईक कमी झालं होतं. उरला कायदा.

कायदा विकणं हे ऐकायला वाईट वाटतं, पण बहुतेक छोट्या प्रदेशांचं अर्थकारण यावरच उभं आहे आणि त्यात मुळातच काही पाप आहे असं मी मानत नाही. 2001 साली ऑनलाइन जुगाराच्या नियमनाचा कायदा झाला आणि तो धंदा पुढे बेटाच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार बनला. जहाजं, विमानं, विमा कंपन्या यांच्या नोंदणीचंही तेच. आणि 2006 साली आली शून्य-दहा करव्यवस्था, जी बेल यांच्या अर्थमंत्रिपदाची सर्वांत मोठी खूण. कंपन्यांच्या नफ्यावर कर शून्य टक्के. बँकिंगसारख्या मोजक्या धंद्यांवर दहा टक्के. त्याच सुमारास व्यक्तीच्या आयकराला वरची मर्यादा घातली गेली: उत्पन्न कितीही असो, वर्षाला 1,00,000 पौंडांच्या वर कर नाही. ही मर्यादा नंतर वाढत गेली, तत्त्व कायम राहिलं.

या पैशाची एक वाट आपल्या दारावरूनही गेली आहे. 2006 साली लंडनच्या एआयएम या शेअर बाजारात हिरको नावाची कंपनी उतरली, हिरानंदानी समूहाशी जोडलेली. पैसा गोळा झाला लंडनमध्ये, टाउनशिप उभारायच्या होत्या चेन्नईत आणि पनवेलला, आणि कंपनीची नोंदणी होती आयल ऑफ मॅनची. यात बेकायदा काही नव्हतं. त्या वर्षांत भारतीय जमिनीत पैसा घालणाऱ्या परदेशी निधींसाठी डग्लसचा पत्ता सोयीचा होता, एवढंच. पनवेलच्या शेताचं टाउनशिपमध्ये रूपांतर होताना त्या व्यवहाराची कागदी मालकी कुठे जाऊन बसते हे गावातल्या कुणाला माहीत असण्याची शक्यता नव्हती. भारत आणि आयल ऑफ मॅन यांच्यात करविषयक माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झाला तो त्यानंतर, 2011 साली.

आता मूळ मुद्दा. शून्य-दहाच्या बाजूने युक्तिवाद आहेत. बेटाशी स्पर्धा करणारी जर्सी आणि गर्न्सी ही बेटंही त्याच वाटेने गेली. पण एवढा मोठा निर्णय घेणाऱ्या अर्थमंत्र्याला मतदार जाब कुठे विचारणार? बेल उभे राहत रॅम्झीत. रॅम्झीच्या मतदाराला ते माणूस म्हणून हवे की नको एवढं ठरवता येई, आणि तो दर वेळी हवे म्हणे. आपल्या गावचा माणूस, भेटतो, कामं करतो. पण पील किंवा कॅसलटाउनच्या मतदाराला करधोरण मान्य नसेल तर त्याने कुणाला पाडायचं? त्याच्या मतपत्रिकेवर बेल नव्हते, बेल यांचा पक्ष नव्हता, कारण तसा पक्षच नव्हता. तो आपल्या गावच्या अपक्षाला विचारू शकत होता की तुझं काय मत आहे. तो अपक्ष काहीही बोलला असता तरी चोविसातला एक. मुख्यमंत्री कोण, अर्थमंत्री कोण, कर किती, हे सगळं मतमोजणीनंतर सदस्य आपसात ठरवणार. पक्षांचा आपल्याला कितीही वीट आला असला तरी एक काम पक्षच करतो: पीलमधल्या मताला रॅम्झीतल्या मंत्र्यापर्यंत पोचवतो. आणि पाच वर्षांपूर्वीचं आश्वासन आज नाकारायचं झालं, तर पक्षाला तोंड लपवायला जागा नसते. अपक्षाला असते.

हा निव्वळ तात्त्विक मुद्दा नाही, त्याचं बिल पुढे आलं. बेटाचा मूल्यवर्धित कर ब्रिटनबरोबर एकाच थैलीत जातो आणि ठरलेल्या सूत्राने वाटा परत येतो. 2009 साली लंडनने ते सूत्र बदललं, आणि बेटाचं वर्षाला दहा कोटी पौंडांहून जास्त उत्पन्न बुडण्याची वेळ आली. ज्या सरकारने कंपन्यांवरचा कर स्वखुशीने शून्यावर आणला होता, त्याच्या उत्पन्नाचा केवढा मोठा भाग दुसऱ्याच्या मर्जीवर टेकलेला होता, हे तेव्हा उघडं पडलं. हे मला बेल यांच्या अर्थकारणातलं सर्वांत कच्चं ठिकाण वाटतं. स्वतःच्या हातातला कर सोडून द्यायचा आणि परक्याच्या हातातल्यावर घर चालवायचं, आणि वर स्वायत्ततेचा अभिमान बाळगायचा. बेल मुख्यमंत्री असताना, 2014 साली, खर्चाचा मेळ घालण्यासाठी घरटी 50 पौंडांचा सांडपाणी आकार आला. लोकांनी त्याला 'टॉयलेट टॅक्स' म्हणून हिणवलं. रक्कम किरकोळ होती, पण एकरकमी आकार गरीब-श्रीमंत पाहत नाही, आणि करोडोंच्या उत्पन्नावरच्या कराला वरून झाकण घातलेल्या बेटावर म्हाताऱ्या पेन्शनवाल्या बाईने संडासाचे पन्नास पौंड द्यायचे हे कुणालाही खुपेल. एखादा विरोधी पक्ष असता तर त्याने एवढ्या एका विषयावर निवडणूक काढली असती.

विरोधाचा प्रयत्न झाला नाही असं नाही. पीटर कॅरन हे सभागृहातले जुने, भांडखोर सदस्य. त्यांनी 2006 साली लिबरल वॅनिन हा पक्ष काढला. 2011 साली मुख्यमंत्री झालेल्या बेल यांनी काय केलं? कॅरनना शिक्षणमंत्री केलं. वर्ष उलटायच्या आत मंत्रिपरिषदेशी त्यांचं फाटलं आणि पद गेलं. कॅरनना बाहेर ठेवलं असतं तर ते निदान विरोधी नेते तरी राहिले असते. आत घेतल्याने ते आधी बांधले गेले, मग बाहेर पडल्यावर पद गेलं म्हणून ओरडणारे ठरले. बेल यांनी हा डाव म्हणून खेळला की मनापासून सर्वांना सोबत घ्यायचं म्हणून, हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही. ही व्यवस्था चांगल्या हेतूनेही तेच करते.

मग अंकुश कुठून आला? ऑक्टोबर 2008 मध्ये आइसलंडच्या बँका कोसळल्या आणि त्यांच्यासोबत बेटावरची कॉपथिंग सिंगर अँड फ्रीडलँडर बुडाली. सुमारे 10,000 ठेवीदार अडकले, कारण बेटावरच्या बँकेने मोठी रक्कम त्याच समूहाच्या लंडनमधल्या बँकेत ठेवली होती आणि ती गोठली. ठेवीदारांना प्रत्येकी 50,000 पौंडांपर्यंत भरपाईची योजना बेटाच्या सरकारने उभी केली, आणि पुढच्या काही वर्षांत बरेच पैसे परतही मिळाले. अर्थमंत्री म्हणून बेल यांची ती खरी कसोटी होती आणि ते तिथे टिकले. पण ब्रिटनचे अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी त्याच सुमारास या बेटाचा उल्लेख आयरिश समुद्रात बसलेलं करचुकव्यांचं नंदनवन असा केला, आणि तो बेटाला झोंबला. झोंबणारच. कारण आपल्या करव्यवस्थेवरची इतकी खरमरीत जाहीर टीका डग्लसने आपल्याच सभागृहातल्या समोरच्या बाकांवरून कधी ऐकलेली नव्हती. पुढची वर्षं ओईसीडी (श्रीमंत देशांची आर्थिक संघटना), युरोपियन युनियन, अमेरिका, लंडन यांच्या अटी मान्य करण्यात गेली. करार झाले, माहिती द्यायला सुरुवात झाली, 2009 साली ओईसीडीच्या पांढऱ्या यादीत, म्हणजे करनियम पाळणाऱ्यांच्या यादीत, बेटाचं नाव आलं. बेल यांनी हे सगळं हुशारीने हाताळलं, लाथ बसायच्या आधी उठून उभं राहण्याची समज त्यांच्याकडे होती. तरीही दिशा ठरवणारे बाहेरचे होते.

या चालीला मोठा इतिहास आहे. 1866 पर्यंत हाउस ऑफ कीज लोकांनी निवडलेलं नव्हतं. जागा रिकामी झाली की उरलेले सदस्यच नवा माणूस सुचवत. 1864 साली जेम्स ब्राउन या संपादकाने या सभागृहावर टीका छापली, तर सभागृहाने अवमान झाला म्हणून त्याला तुरुंगात घातलं. सोडवलं कुणी? लंडनच्या न्यायालयाने. आणि दोन वर्षांनी कीज निवडणुकीने भरायला लागलं, तेही लंडनने पैशावरचा अधिकार देताना घातलेली अट म्हणून. शंभर वर्षांनंतरही तेच. 1972 साली पंधरा वर्षांच्या एका मुलाला न्यायालयाच्या हुकमाने उघड्या अंगावर फोकाचे तीन फटके मारण्यात आले. बेटावर त्या शिक्षेला भरघोस पाठिंबा होता. ती मानहानीकारक ठरवली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने, 1978 साली. फाशीची शिक्षा कायद्यातून गेली 1993 साली, ब्रिटनमध्ये फाशी थांबल्याला पाव शतक लोटल्यावर.

आणि समलिंगी संबंध. 1992 पर्यंत ते आयल ऑफ मॅनमध्ये गुन्हा होते. इंग्लंडने 1967 साली तो गुन्हा काढून टाकला होता. 1992 च्या आधीच्या वर्षांत बेटावर पोलिसांची धरपकड चालू होती, माणसांची नावं बाहेर येत होती, आयुष्यं उद्ध्वस्त होत होती. 1991 च्या टिनवाल्ड दिनाला एक कार्यकर्ता नाझी छळछावणीतल्या कैद्याचा पोशाख घालून टेकडीच्या पायथ्याशी अर्ज द्यायला आला. कायदा शेवटी बदलला, पण मँक्स सदस्यांच्या मतपरिवर्तनाइतकाच त्यामागे लंडनचा दबाव होता. ब्रिटनने युरोपीय मानवी हक्क कराराची जबाबदारी घेतली होती आणि बेटामुळे त्याची मान खाली जात होती.

बेल त्या वेळी त्या सभागृहात होते. 2015 साली, मुख्यमंत्री असताना, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आपण समलिंगी आहोत.

छोट्या समाजाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद इथे तपासायला हवा. तो असा: 84,000 लोकांत पक्ष कशाला हवेत? मंत्री दुकानात भेटतो, त्याची बहीण तुमच्या शाळेत शिकवते, त्याने काही लपवलं तर आठवड्यात कळतं. ओळख हाच अंकुश. या युक्तिवादात तथ्य आहे. बेटाचे मंत्री लोकांत मिसळतात ही गोष्ट खरी आणि हेवा वाटावा अशी आहे. पण सगळ्यांना सगळं माहीत असणं आणि ते चारचौघांत बोलता येणं यांत अंतर असतं. ज्या बेटावर प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथेच सरकारातल्या सर्वांत अनुभवी माणसाला आपल्या आयुष्याबद्दलची एक साधी गोष्ट उघडपणे सांगायला तीस वर्षं लागली. जवळीक जाब विचारते हे मान्य. पण ती गप्पही बसवते, आणि माझ्या मते गप्पच जास्त बसवते. जो समाज मुख्यमंत्र्याच्या घराबद्दल सभ्यपणे मौन पाळतो, तोच त्याच्या अर्थसंकल्पाबद्दलही सभ्यपणे मौन पाळण्याची शक्यता मोठी असते. उद्या त्याच मंत्र्याच्या शेजारी चर्चमध्ये बसायचं असतं. पक्षाचं झेंडाधारी भांडण इथेच कामी येतं: माणसावर वैयक्तिक न घसरता त्याच्या धोरणाला लाथ मारता येते.

माझ्या युक्तिवादाला छेद देणारी उदाहरणंही आहेत, आणि त्यांतलं सर्वांत मोठं बेल यांनीच घालून दिलं. 2016 साली समलिंगी विवाहाचा कायदा त्यांच्या सरकारने आणला, कीजमध्ये तो मोठ्या बहुमताने संमत झाला आणि 22 जुलैपासून लागू झाला. त्याची सक्ती कुणी केलेली नव्हती. उलट बेट एक पाऊल पुढे गेलं: स्त्री-पुरुष जोडप्यांनाही विवाहाऐवजी नागरी भागीदारी नोंदवण्याची मुभा दिली, जी तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हती, आणि इंग्लंडमधून जोडपी त्यासाठी बेटावर येऊ लागली. 1881 सालीही असंच घडलं होतं. मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देणारं हे जगातलं पहिलं ठिकाण ठरलं. सभागृहाला हक्क याहून रुंद करायचा होता, तो आखूड झाला राजमुकुटाने नेमलेल्या गव्हर्नरच्या बाजूने आलेल्या विरोधामुळे. 2006 साली मतदानाचं वय सोळावर आणण्यातही बेट ब्रिटनच्या पुढे होतं. म्हणजे स्वायत्तता नेहमी मागेच ओढते असं नाही. या सभागृहात धैर्य असतं. त्याला वहिवाट नसते, एवढंच. ते एखाद्या माणसाबरोबर येतं आणि त्याच्याबरोबर निवृत्त होतं.

1992 आणि 2016 यांच्यामध्ये चोवीस वर्षं आहेत. तेवढ्यात बेटाचं मन खूप बदललं. 2020 साली पुढचे मुख्यमंत्री हॉवर्ड क्वेल यांनी जुन्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांची जाहीर माफी मागितली. पण ज्यांची आयुष्यं 1992 च्या आधी मोडली, त्यांच्यासाठी त्या वेळच्या सभागृहात एक संघटित गट उभा असता, हरला असता पण उभा असता, तर हिशोब वेगळा लागला असता असं मला वाटतं.

बेल निवृत्त झाले त्याच वर्षी लॉर्ड लिस्व्हेन यांचा अहवाल आला. हे ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे माजी प्रमुख सचिव. टिनवाल्डने आपल्याच कारभाराची तपासणी करायला त्यांना बोलावलं होतं. (तपासनीससुद्धा बाहेरचाच, पण निदान बोलावलेला.) सदस्यांना सरसकट खात्यांत गुंतवण्याच्या प्रथेवर त्यांनी नेमकं बोट ठेवलं: जो कारभारात आहे तो कारभाराची छाननी कशी करणार? काही सूचना मानल्या गेल्या, काही पातळ झाल्या, काही बाजूला पडल्या. 2021 पासून मुख्यमंत्री निवडण्याचं काम फक्त लोकांनी निवडलेल्या कीजकडे आलं, हा बदल चांगला. त्याच 2021 च्या निवडणुकीत दहा स्त्रिया निवडून आल्या, हाही.

तरी मूळ दुखणं गेलेलं नाही. कोविडच्या सुरुवातीला सरकारला उपाययोजनांबद्दल सावध करणाऱ्या वैद्यकीय संचालक डॉक्टर रोझलिंड रॅन्सन यांना नोकरीवरून काढण्यात आलं. 2022 साली न्यायाधिकरणाने ते बेकायदा ठरवलं आणि पुढच्या वर्षी भरपाई ठरली ती तीस लाख पौंडांच्या वर. कोविडकाळात आरोग्यमंत्री असलेल्या, आणि तोवर अर्थमंत्री झालेल्या डेव्हिड ॲशफर्ड यांना त्यावरून राजीनामा द्यावा लागला. सत्य बाहेर आलं ते न्यायाधिकरणात, साक्षी-पुराव्यांनी. सभागृहात ते वेळेवर का आलं नाही, हा प्रश्न ज्यांनी विचारायला हवा होता त्यांतले बरेच जण कुठल्या ना कुठल्या खात्यात होते. आणि बेल यांचा शून्य टक्के? बँकांवरचा दहा टक्क्यांचा दर 2024 साली पंधरावर गेला, आणि 2025 पासून 75 कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना किमान 15 टक्के कर आला. ते पाऊल जागतिक करारामुळे उचललं गेलं. म्हणजे पुन्हा तेच.

बेटावर ब्रिटिश धाटणीचे पक्ष आणा असं मी म्हणत नाही. 24 जणांत दोन पक्षांचं भांडण लावलं तर एका आमदाराच्या आजारपणावर सरकार टिकेल किंवा पडेल, आणि कॅरन यांच्या पक्षाचा अनुभव पाहता लोकांना ते रुचलेलंही नाही. पण दोन गोष्टी पक्षांशिवायही करता येतात. मंत्री नसलेल्या कुठल्याही सदस्याला खात्यात पद आणि जादा मानधन देणं पूर्ण बंद करायचं. त्याऐवजी तेच मानधन छाननी समित्यांच्या अध्यक्षांना द्यायचं, म्हणजे प्रश्न विचारण्यातही कारकीर्द घडते हे सदस्यांना दिसेल. आणि मुख्यमंत्रिपदाची इच्छा असलेल्याने आपला करकार्यक्रम व अर्थमंत्र्याचं नाव मतदानानंतर नव्हे, मतदानाच्या आधी जाहीर करायचं. मग पीलच्या मतदाराला आपल्या गावच्या अपक्षाला एवढं तरी विचारता येईल, की तू निवडून आलास तर त्या कार्यक्रमाला हात वर करणार की खाली ठेवणार. पुढची निवडणूक सप्टेंबर 2026 मध्ये आहे. यातलं दुसरं करायला कायदाही बदलावा लागत नाही.